किल्ली गप्प राहिली

५ जून

प्रिय मामा,

नमस्कार. धरणावर मोबाईलला रेंज नाही आणि ऑफिसच्या फोनवर तुम्ही "हं, हं, ठेव आता" याच्या पुढे बोलत नाही. म्हणून दर आठवड्याला वर येणाऱ्या जीपच्या पिशवीतून हे पत्र पाठवतेय. सोबत एक चपटी डबी आहे, ती मामीनं बटणांच्या डब्यात टाकायच्या आत ताब्यात घ्या.

माझ्याकडे नवं काम आलंय. आपल्या पाणीपुरवठ्याच्या सगळ्या कॉम्प्युटरना दुसरं कुलूप बसवायचंय. आत्तापर्यंत नाव आणि पासवर्ड टाकला की आत जाता यायचं, तुमच्या धरणाचे दरवाजेसुद्धा तसेच उघडायचे. आता पासवर्डनंतर यंत्रणा विचारणार, "कशावरून तुम्ही तेच?" मग या डबीवरचे सहा आकडे टाकायचे. आकडे दर अर्ध्या मिनिटाला बदलतात. पासवर्ड चोरता येतो, पण डबी तुमच्या खिशात असते.

हे सगळं कशासाठी, असं तुम्ही विचारणारच. गेल्या हिवाळ्यात दुसऱ्या एका शहराच्या पाणीपुरवठ्यात कुणीतरी परक्या देशात बसून शिरलं. कधीच निवृत्त झालेल्या एका माणसाचा पासवर्ड त्यांना मिळाला होता. आमच्याकडे ती बातमी आली आणि मोठ्या साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "आपल्याकडे कोणाकोणाला आत जाता येतं, बघ जरा."

मी बघायला बसले आणि बघतच राहिले, मामा. मला वाटलं होतं, पाचपन्नास नावं असतील. निघाली कितीतरी शेकडो. कोणी फक्त बिलं बघतो, कोणी टाक्यांची पातळी, कोणी पाणी तपासतो, कोणी पंप फिरवतो. एकमेकांचं तोंडही न पाहिलेली ही सगळी माणसं आपापल्या जागी एकेक बटण दाबतात आणि शहरात नळ सोडला की पाणी येतं. इतकी वर्षं मी तोंड धुतेय, कधी मनातही आलं नाही.

त्या सगळ्यांत सगळ्यात जड बटण तुमच्याकडे आहे. म्हणून पहिली डबी तुम्हाला.

तुमची,
भिंगरी

१४ जून

प्रिय भिंगरे,

अनेक आशीर्वाद. डबी पोचली. मामी म्हणाली, "इतक्या लांबून पाठवली आणि आत काहीच नाही?" मी म्हटलं, आत आकडे आहेत. तर म्हणे, ते काय खायचेत?

पण पोरी, ही आहे तरी काय भानगड? हिला तार नाही, रेंज लागत नाही. मग इथे हिला जे आकडे सुचतात तेच त्याच क्षणी तुमच्या हेड ऑफिसच्या कॉम्प्युटरला कसे सुचतात? मला आधी वाटलं, कुठूनतरी हवेतून येत असणार. म्हणून मी हिला घेऊन धरणाच्या भिंतीच्या पोटातल्या गॅलरीत उतरलो. तुला लहानपणी घेऊन गेलो होतो आणि तू माझा शर्ट सोडत नव्हतीस, तीच ती गॅलरी. चहूबाजूंनी काँक्रीट, डोक्यावर सगळा जलाशय, तिथे रेडिओसुद्धा मुका होतो. वायरमनला बरोबर नेलं होतं. त्यानं आकडे वाचले, तिथल्या फोनवरून वर कंट्रोलरूममध्ये सांगितले, तिथल्या पोरीनं ते टाकले, आणि यंत्रणा म्हणाली, या!

वायरमन आणि मी एकमेकांकडे बघत उभे. तो म्हणाला, "साहेब, हिला आत बसून बाहेरचं कळतं." मी आयुष्यभर यंत्रात हात काळे केलेत, पण अंगावर काटा आला माझ्या.

एवढं कौतुक करून एक तक्रार. तुझे आकडे फार पळतात. मी दोन टाकेपर्यंत बाकीचे बदललेले. ही डबी कंट्रोलरूममधल्या पोरांसाठी ठीक आहे. मला आपला जुना पासवर्ड बरा. तेवढी सोय तू सहज करशील. घरचीच तर आहेस.

तुझा,
मामा

२१ जून

प्रिय मामा,

गॅलरीतली गोष्ट मी ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवली. आमच्यापैकी एकालाही अशी परीक्षा घ्यायचं सुचलं नव्हतं.

हवेतून काही येत नाही. डबी तयार झाली तेव्हा तिच्यात आणि आमच्या कॉम्प्युटरमध्ये एक लांबलचक गुपित ठेवलं गेलं, दोघांत एकच. त्यानंतर त्यांची कधी भेट नाही, बोलणं नाही. दोघंही फक्त वेळ बघतात, आणि ते गुपित आणि ती वेळ घेऊन एकच गणित करतात. उत्तर सारखंच येतं. मी हे शिकले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसले होते. एकदा भेटून कायमचं दूर गेलेले दोघं, आणि दोघांच्या मनात दर क्षणाला एकच विचार!

आता तक्रारीचं. मामा, रागावू नका, पण तशी सोय होणार नाही. एक तारखेपासून डबीशिवाय कोणालाच आत जाता येणार नाही. मोठे साहेब कुरकुर करत का होईना, शिकले. बिलं छापणाऱ्या मावशी शिकल्या. मला इथे नोंदी दिसतात. तुमच्या नावानं रोज आधी कितीतरी चुकीचे प्रयत्न होतात आणि मग एकदम एका झटक्यात बरोबर आकडे येतात. म्हणजे तुम्ही कंटाळून डबी वायरमनच्या हातात देताय. डबी अशी दुसऱ्याच्या हातात जाऊ लागली की दुसऱ्या कुलपाला अर्थच उरत नाही.

तुम्हाला नवीन काही आलं की नकोच असतं. मिक्सर आला तेव्हाही तुम्ही वर्षभर त्याच्याशी बोलत नव्हता. पण हा मिक्सर नाही. जरा मनावर घ्या.

तुमची,
भिंगरी

२८ जून

प्रिय भिंगरी,

हे पत्र मी जीपच्या ड्रायव्हरच्या हाती परस्पर देतेय. यांना कळू देऊ नकोस.

तुझं पत्र मीच यांना वाचून दाखवलं. मिक्सरच्या वाक्यापर्यंत आले आणि पुढचं हळू आवाजात उरकलं. हे हसले. पण जेवले नाहीत नीट.

अगं, यांना नवं नको असतं असं नाही. यांना दिसत नाही. दोन वर्षं होत आली. आधी पेपर सुटला, मग भिंतीवरचं घड्याळ. तुला येणारी पत्रं हे सांगतात आणि मी लिहिते. अक्षर माझं आहे, हे तुझ्याही लक्षात आलं नाही. दरवाज्यांच्या खोलीत कुठलं बटण कुठे हे हातांना पाठ आहे. पाणी किती सुटलं ते आवाजावरून सांगतात आणि मोजलं तर तेवढंच निघतं. पण ते बारके पळणारे आकडे कसे ऐकणार?

डॉक्टरकडे चला म्हटलं की विषय बदलतात. तुझे आजोबा शेवटी काचबिंदूनं आंधळे झाले. यांना वाटतं, आपलंही तेच, आणि डॉक्टरनं तसं सांगितलं की दुसऱ्या दिवशी धरणावरून खाली धाडतील. ते ऐकण्यापेक्षा न गेलेलं बरं, असं यांचं गणित. मी हात टेकले.

तू काही करू शकशील तर कर. मी सांगितलं म्हणू नकोस.

तुझी,
मामी

५ जुलै

प्रिय मामा,

मागच्या पत्रात मी फार तोडून बोलले. ते मनातून काढून टाका.

तुमचं एक काम आहे माझ्याकडे. आम्ही एका नव्या वस्तूची चाचणी घेतोय आणि त्यासाठी जरा अनुभवी माणूस हवा होता. मी तुमचं नाव दिलं. सोबतची किल्ली बघा. बोटाच्या पेराएवढी आहे, मध्ये गोल धातूची चकती. कॉम्प्युटरच्या कडेला जी खाच आहे तिच्यात बसवायची. नाव आणि पासवर्ड टाकला की किल्लीचा दिवा लुकलुकतो. तेव्हा चकतीला नुसतं बोट टेकवायचं. आकडे नाहीत, घाई नाही. ती फक्त तुमचंच खातं उघडते, आणि बोट खरोखर टेकल्याशिवाय उघडत नाही. लांब बसलेल्या चोराला बोट कुठून टेकवता येणार?

ड्रायव्हरबरोबर आमच्या ऑफिसातली मुलगी येतेय. ती पहिल्यांदा किल्लीची आणि यंत्रणेची ओळख करून देईल. जुनी आकड्यांची डबी तिच्या हाती परत पाठवा.

मोठे साहेब या चाचणीला तयार नव्हते. "एकाला वेगळं दिलं की उद्या सगळे मागतील," म्हणाले. मी त्यांच्याशी भांडले. म्हणजे नीट वापरा, माझी लाज तुमच्या हातात आहे.

आणि शहरात या ना एकदा, मामीला घेऊन. सहजच म्हणतेय.

तुमची,
भिंगरी

१९ जुलै

प्रिय भिंगरे,

किल्ली बसली आणि मामा पास झाला! ओळख करून द्यायला आलेली मुलगी मोठी गुणी. माझं बोट धरून चकतीवर ठेवलंन आणि म्हणाली, "आता तुम्ही दोघं एकमेकांना ओळखता."

वरच्या डोंगरात पावसानं जोर धरलाय. जलाशय भरत आलाय. काल पहिल्यांदा दरवाजे उचलायची वेळ आली. नाव टाकलं, पासवर्ड टाकला, किल्लीला बोट टेकवलं. खाली कुठेतरी मोटर हुंकारली आणि पायाखालची फरशी थरथरायला लागली. इतकी वर्षं हे करतोय, पण काल वेगळंच वाटलं बघ. टाचणी टोचल्यावर रक्ताचा थेंब येतो ना, तेवढीशी जागा बोटाची. तिच्या बदल्यात एवढं पाणी उठून चालायला लागतं! मी बोट बघत उभा राहिलो. वायरमन म्हणाला, "काय झालं साहेब, चटका बसला?"

चाचणीला अनुभवी माणूसच का हवा होता, ते मला कळलेलं नाही असं समजू नकोस. म्हातारा आहे, पण इतका नाही. विचारत नाही, एवढंच.

शहरात येणं पावसाळ्यात जमायचं नाही.

तुझा,
मामा

८ ऑगस्ट

भिंगरे,

घे तुझी किल्ली परत. ऐन वेळी दगा दिला तिनं.

सकाळपासून जलाशय चढतोय. अशात तुमच्याच हेड ऑफिसकडून मेल आला. कंट्रोलरूममधल्या पोरीनं वाचून दाखवला. यंत्रणा नव्या ठिकाणी हलवली आहे, खाली दिलेल्या ठिकाणी दाबून दुपारच्या आत पुन्हा आत शिरा, नाहीतर दरवाज्यांचा ताबा बंद होईल. पाणी चढत असताना ताबा बंद! दाबलं. आपलं नेहमीचं पान उघडलं. मी नाव टाकलं, पासवर्ड टाकला. पान म्हणालं, किल्लीला बोट टेकवा. मी टेकवलं. काही नाही. दिवाच लागला नाही. काढून पुन्हा घातली, फुंकर मारली, सदऱ्याला पुसली. ढिम्म! मग पान म्हणालं, किल्ली चालत नसेल तर डबीचे आकडे टाका. डबी तर तू परत मागवलीस!

हेड ऑफिसचा फोन कधीचा लागत नाहीये. सगळीकडून एकच बोंब असणार. जीप खाली निघालीय, म्हणून मामीला सांगतोय आणि ती लिहितेय. ड्रायव्हर थांबलाय. मी तुला आधीच म्हटलं होतं, मला जुना पासवर्ड

९ ऑगस्ट

काल वरचं वाक्य अर्धं राहिलं, कारण फोन लागला. जीपला तशीच पुढे पाठवली. आता शांतपणे पुढचं सांगतो. तुला सगळं ठाऊक आहे, पण माझ्या बाजूनं कसं झालं ते तुला कळायला हवं.

मी फोनवर तुझ्यावर ओरडलो. तू मला ओरडू दिलंस. मग एकदम हळू आवाजात म्हणालीस, "मामा, आपण कोणीही यंत्रणा हलवलेली नाही. पानाच्या अगदी वरच्या पट्टीत पत्ता असतो. तो मला एकेक अक्षर वाचून दाखवा."

मी पडद्याजवळ गेलो. आणखी जवळ गेलो. नाक टेकलं. वर एक करडी रेघ होती, तिच्यावर मुंग्या. फोनमधून तू म्हणत होतीस, "मामा? वाचा ना." खोलीत वायरमन होता, ती पोरगी होती, दारात मामी उभी होती. मी तो पत्ता पाठ होता तसा म्हणून टाकू शकलो असतो. जिभेवर आलाही होता. तसा म्हटला असता तर तू म्हणाली असतीस, बरोबर आहे, मग किल्लीच बिघडली.

मी म्हटलं, "मला दिसत नाहीये, भिंगरे."

एवढंच. मग वायरमन पुढे आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अक्षरं वाचायला लागला. मध्यावर आला आणि थांबला. म्हणाला, "साहेब, इथे एक अक्षर दोनदा आहे." तिकडे तुझा श्वास अडकलेला मला इथे ऐकू आला. त्यानंतर तू जे भराभर सांगितलंस ते आम्ही केलं. नेटची वायर उपटली, दरवाजे जागेवरच्या हातबटणांवर घेतले. तू तिकडून माझा पासवर्ड बंद केलास.

संध्याकाळपर्यंत मी आणि वायरमननं दरवाजे हातानं चालवले. तो मोजपट्टी वाचायचा, मी पाणी ऐकायचो. त्याला म्हटलं, "तुला कधीपासून माहीत होतं?" तो म्हणाला, "तुम्ही मला आकडे वाचायला गॅलरीत नेलंत तेव्हापासून."

आता मला एवढंच सांग. पान हुबेहूब होतं. मी फसलो, ती पोरगी फसली. मग त्या बोटभर किल्लीला कसं कळलं?

तुझा,
मामा

१६ ऑगस्ट

प्रिय मामा,

आज कुठे निवांत बसून लिहायला मिळतंय.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. किल्लीला डोळे नाहीत. समोरचं पान कसं दिसतं, हे ती बघतच नाही. पहिल्या दिवशी तिची आपल्या यंत्रणेशी ओळख झाली, तेव्हा यंत्रणेच्या खऱ्या पत्त्याशी तिची गाठ बांधली गेली. पुढे कोणीही तिला हाक मारली की हाक कुठल्या पत्त्यावरून आली तेवढंच तपासलं जातं. एका अक्षराचा फरक असला तरी तिच्या लेखी तो माणूस परका. ती नाही म्हणत नाही, भांडत नाही, बोलतच नाही. तुम्ही पुसत होतात, फुंकर मारत होतात, आणि ती तुमचंही ऐकत नव्हती.

मी खरं पान आणि खोटं पान शेजारी शेजारी लावून बघितली. हे माझं रोजचं काम आहे, माझे डोळे चांगले आहेत, आणि मला कळलं नाही. रंग तेच, चिन्ह तेच. आपल्या पानाच्या तळाशी एका ओळीत शुद्धलेखनाची चूक आहे, मी दोन वर्षं ती सुधारायला सांगतेय. ती चूकसुद्धा तशीच उतरवलेली! कोणीतरी कुठेतरी बसून आपलं इतकं बारकाईनं बघत होतं.

आता तुम्हाला न सांगितलेलं. तुमच्या फोनच्या आधीच खालच्या पंपघरातल्या नानांना तोच मेल आला होता. नानांकडे आकड्यांची डबी. त्यांनी नाव टाकलं, पासवर्ड टाकला, डबीवरचे बरोबर आकडे टाकले. चोरांनी ते तिथल्या तिथे उचलून खऱ्या यंत्रणेत टाकले आणि नाना म्हणून आत शिरले. पंप एकेक करून बंद व्हायला लागले. आम्ही समजत होतो की पावसानं वीज गेली असेल. पंप का बंद पडले हे विचारायला सगळीकडून फोन येत होते, म्हणून तुमचा लागत नव्हता. तुमचा फोन आला, वायरमननं ते जादा अक्षर वाचलं, आणि मग आम्हाला कळलं की घरात कोणीतरी आहे. सगळीकडे फोन केले, सगळ्यांना हातबटणांवर घेतलं, सगळे पासवर्ड बंद केले. नानांनी पळत जाऊन पंप स्वतःच्या हातानं सुरू केले. टाक्यांत पाणी होतं, म्हणून शहरात कोणाला काही कळलंसुद्धा नाही. मी खिडकीतून खाली बघितलं तर समोरच्या इमारतीत एक बाई शांतपणे भांडी घासत होती. तिच्या नळाला पाणी होतं. मी तिच्याकडे बघत उभी राहिले आणि मला रडू आलं.

तेव्हापासून एकच गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही, मामा. तुम्हाला आकडे नीट दिसत असते, तर डबी तुमच्याकडेच राहिली असती. तुम्ही बरोबर आकडे टाकले असते. आणि जलाशय भरलेला असताना धरणाचे दरवाजे त्यांच्या हातात गेले असते. खाली किती गावं आहेत हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. मी सगळ्यांसाठी कडक नियम केला होता, आणि वाचवलं ते मी नियम मोडून दिलेल्या एका किल्लीनं.

ती चाचणी वगैरे काही नव्हती. मला मामीनं कळवलं होतं. तिच्यावर रागावू नका.

नाना रजेवर गेलेत, कोणाचा फोन घेत नाहीत. काल मी त्यांच्या घरी गेले. दार उघडून म्हणाले, "मीच दिले आकडे, बाई. माझ्याच हातानं दिले." मी त्यांना दोन्ही पानांचे फोटो दाखवले आणि विचारलं, यातलं खरं कुठलं? त्यांनी बोट ठेवलं ते चुकीच्यावर. मग मी सांगितलं, मीसुद्धा तिथेच ठेवलं होतं. सोमवारी येतो म्हणालेत.

मोठ्या साहेबांनी सगळ्यांसाठी किल्ल्या मागवल्या. मला बोलावून म्हणाले, "भांडलीस ते बरं केलंस." त्यांच्या तोंडून याहून जास्त आजवर कोणी ऐकलेलं नाही.

आता डॉक्टरकडे जायचं. मी विचारत नाहीये.

तुमची,
भिंगरी

२७ सप्टेंबर

प्रिय भिंगरे,

अनेक आशीर्वाद. हे अक्षर बघ. वाकडं आहे, ओळ वर चढलीय, पण माझं आहे.

तू आणि मामीनं मला दोन्ही बाजूंनी धरून डॉक्टरकडे नेलंत तेव्हा मी मनात सगळी तयारी करून आलो होतो. निरोपाचं भाषणसुद्धा जुळवलं होतं. आणि ती डॉक्टरीण माझ्या डोळ्यात बॅटरी मारते आणि म्हणते, "काचबिंदू कसला? मोतीबिंदू आहे नुसता. इतका पिकेपर्यंत काय करत होता?" मामीनं माझ्याकडे जे बघितलं, ते मला तेव्हाही स्पष्ट दिसलं.

आमच्या इंजिनियरबाईंनाही मी जाऊन सगळं सांगितलं. वाटलं होतं, हाकलतील. त्यांनी आधी रजा मंजूर केली, मग झापलं. दोन वर्षं मी नुसता आवाजावर दरवाजे चालवत होतो हे ऐकून त्या पाणी प्यायला उठल्या. म्हणाल्या, पुन्हा डोळे तपासून आल्याशिवाय दरवाज्यांना हात लावायचा नाही. बरोबरच आहे त्यांचं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

ऑपरेशन झालं, परवा तपासणीत पास झालो आणि आज सकाळी कामावर गेलो. रात्रभर वर पाऊस होता. पाणी सोडायचं ठरलं. खाली भोंगे वाजले. नाव टाकलं, पासवर्ड टाकला, वरची पट्टी स्वतः वाचली, एकेक अक्षर. किल्लीचा दिवा लुकलुकला. हिरवा आहे गं तो! मला कोणी सांगितलंच नव्हतं.

बोट टेकवलं. वायरमन म्हणाला, "साहेब, या बाहेर." ही दोन वर्षं मी दरवाजा उचलल्यावर बाहेर जात नसे, जाऊन काय करणार? आज गेलो. कठड्याला धरून उभा राहिलो. आधी दरवाज्याखाली एक पातळ चकाकणारी कड दिसली, काचेसारखी. मग ती वाकली आणि फुटली आणि सगळा उतार भरून खाली निघाली. तुषार वर माझ्या तोंडापर्यंत आले. आवाज तर मला पाठ होता, कुठल्या दरवाज्याचा कुठला तेसुद्धा. पण आवाजाला रंग नसतो. इतक्या दिवसांत मी विसरूनच गेलो होतो, भिंगरे, की पडताना पाणी पांढरं असतं.

मामीला हाक मारली. ती हातातलं काम टाकून आली आणि म्हणाली, "काय झालं?"

मी म्हटलं, "काही नाही. बघ."

तुझा,
मामा